कलम गाळण्यापूर्वी

मराठी शिकवणाऱ्या माणसाला नियम गाळण्याचे फायदे कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. आपल्या आजोबांच्या वेळची पत्रे काढून पाहा. त्यांत ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘कोठें’ असे शब्द दिसतील. त्या टिंबांचा उच्चार कुणीच करत नव्हते. शब्द कुठून आला किंवा त्याचे व्याकरण काय, याची ती आठवण होती. पण ती पाठ करावी लागे, चुकली तर गुण जात. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने मान्य केले आणि ही उच्चारात नसलेली टिंबे गेली. 1972 साली आणखी चार नियम आले आणि एकूण अठरा झाले. आज शाळेत जे शुद्धलेखन आपण शिकवतो ते याच अठरा नियमांवर उभे आहे.

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना मला या छाटणीची किंमत रोज कळते. नागोठण्याच्या माझ्या वर्गातली मुले घरी कोकणी मुसलमानी बोली बोलतात, शाळेत उर्दू लिहितात आणि मराठी कानाने शिकतात. जे कानाला ऐकू येत नाही ते या मुलांना लिहायला लावणे म्हणजे त्यांना विनाकारण नापास करणे. ती टिंबे आजही असती तर माझा निम्मा तास त्यांतच गेला असता. तेव्हा गाळणाऱ्यांवर माझा राग नाही. उलट मी त्यांची ऋणी आहे.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला गाळण्याबद्दल थोडे सावध बोलायचे आहे.

गेल्या काही वर्षांत आम्हा शिक्षकांच्या वाट्याला एक नवे काम आले आहे, ते म्हणजे मोबाईलवर वाचता येतील असे धडे आणि सराव-प्रश्न तयार करणे. पावसाळ्यात अंबा नदी फुगली की आमच्याकडे शाळेचा भरवसा नसतो. अशा दिवसांत फोनवर पाठवलेला धडाच शाळा होते. हे काम करता करता वेबच्या नियमग्रंथांशी माझी ओळख झाली. नवी मुंबईत संगणकाचे काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. मी काही विचारले की तो सरळ उत्तर देत नाही. “मॅडम, नियमातच बघा ना,” म्हणतो. शिक्षकाला त्याचीच भाषा परत ऐकवणारा विद्यार्थी! पण त्याच्यामुळे मी वाचायला लागले.

आपण ब्राउझरमध्ये जे पान पाहतो ते कसे लिहावे आणि ब्राउझरने ते कसे दाखवावे, हे ठरवणारे ग्रंथ आहेत. त्यांना स्पेसिफिकेशन म्हणतात. एचटीएमएलचे एक, रूपसजावट ठरवणाऱ्या सीएसएसचे एक (खरे तर आता अनेक), अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडचे एक. हे ग्रंथ कायद्याच्या पुस्तकासारखे वाढत जातात. एक गोष्ट दोन ठिकाणी लिहिली जाते. एखादे कलम लिहिलेले राहते, पण कुणी पाळत नाही. मग कुणीतरी कात्री घेऊन बसते. या साफसफाईचा इतिहास वाचताना मला सारखे आपले अठरा नियम आठवत राहिले.

पहिली साफसफाई अशी, की तिच्यात आपल्या उर्दूचाच फायदा झाला. सुरुवातीचे एचटीएमएल पश्चिम युरोपातल्या भाषांपुरते होते. 1995 साली त्याची दुसरी आवृत्ती नियमबद्ध झाली, तेव्हा उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या भाषांची सोय तिच्यात नव्हती. 1997 च्या जानेवारीत एक वेगळे टिपण प्रसिद्ध झाले, आरएफसी 2070. मजकुराची भाषा सांगणारी ‘लँग’ ही खूण आणि दिशा सांगणारी ‘डिर’ ही खूण त्यात आली. म्हणजे आमच्यासाठी नियम झाला, पण तो वेगळ्या पुस्तकात. ज्याने मुख्य पुस्तकच वाचले त्याच्यासाठी उर्दू नव्हतीच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एचटीएमएल 4.0 आले आणि भाषा व दिशा हे मुख्य ग्रंथातले एक प्रकरण झाले. पुढे 2000 साली आरएफसी 2854 या टिपणाने जुनी पाच टिपणे निवृत्त केली. 2070 त्या पाचांत होते.

वरवर पाहता उर्दूचे कलम रद्द झाले. खरे तर ते परिशिष्टातून उठून मुख्य घरात राहायला आले. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या कुणालाही या दोन गोष्टींतला फरक समजावून सांगावा लागणार नाही. वेगळी खोली मिळणे चांगलेच. पण घराच्या नकाशातच आपली खोली असणे अधिक चांगले.

दुसरी साफसफाई दोन प्रतींची. 2004 साली ॲपल, मोझिला आणि ऑपेरा या कंपन्यांच्या लोकांनी व्हॉटडब्ल्यूजी नावाचा गट काढला, कारण वेबच्या मानकांची मूळ संस्था डब्ल्यूथ्रीसी तेव्हा दुसऱ्या वाटेने चालली होती. पुढे दोघांनी एकत्र काम केले, पुन्हा वाटा फुटल्या, आणि एचटीएमएलचे दोन ग्रंथ झाले. बहुतेक मजकूर तोच, पण काही ठिकाणी फरक. डब्ल्यूथ्रीसीने 2014 साली एचटीएमएल 5 जाहीर केले, 2016 मध्ये 5.1 आणि 2017 मध्ये 5.2. तिकडे व्हॉटडब्ल्यूजीचा ग्रंथ रोजच्या रोज बदलत होता. एकाच प्रश्नपत्रिकेच्या दोन उत्तरसूची असल्या की परीक्षकांचे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. दोन्ही बरोबर असल्या तरी विश्वास एकीवरही उरत नाही. शेवटी 28 मे 2019 रोजी दोन्ही संस्थांनी करार केला आणि एचटीएमएलचा ग्रंथ एकच राहील असे ठरले. जगभरच्या ब्राउझर बनवणाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत शिकवून गेली. एचटीएमएलमध्ये मथळ्यांच्या सहा पातळ्या असतात. पुस्तकात धड्याचे नाव मोठे, उपविभागाचे त्याहून लहान, तसे. नव्या ग्रंथात एक हुशार कलम घातले गेले. प्रत्येक विभागात तुम्ही खुशाल पहिल्या पातळीचा मथळा वापरा, तो विभाग किती आत आहे हे पाहून खरी पातळी ब्राउझर मोजील. कागदावर हे फार सुंदर होते. पण या मोजणीप्रमाणे दृष्टिहीन वाचकाला खरी पातळी सांगण्याचे काम कोणत्याही ब्राउझरने केले नाही. वर्षे गेली, कलम ग्रंथात तसेच राहिले. त्याच्यावर विसंबून अनेकांनी पाने लिहिली, आणि त्याचा भार त्या वाचकांवर पडला. ते स्क्रीन रीडर नावाच्या साधनाने पान ऐकतात आणि मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारत हवे ते शोधतात. त्यांना सगळेच मथळे एका पातळीचे ऐकू येत. पुस्तकाची अनुक्रमणिका आहे, पण धडा कोणता आणि उपधडा कोणता हे कळत नाही, अशी अवस्था. 2022 च्या जुलैमध्ये ते कलम काढून टाकले गेले.

म्हणजे नसलेल्या नियमापेक्षा लिहिलेला पण न पाळलेला नियम जास्त त्रास देतो. नियम नसेल तर माणूस स्वतः काळजी घेतो. नियम असेल तर तो निर्धास्त होतो. आपल्या कार्यालयांच्या भिंतींवर असे किती नियम फ्रेममध्ये लटकत असतात!

इथपर्यंत कात्रीची बाजू झाली. आता दुसरी बाजू.

सीएसएसची दुसरी आवृत्ती 1998 साली आली. तिच्यात एक सोय होती. पानाबरोबर फाँटही पाठवता येईल, म्हणजे वाचणाऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसला तरी अक्षरे नीट दिसतील. नंतर त्या ग्रंथाची मोठी साफसफाई झाली आणि सीएसएस 2.1 तयार झाले. किमान दोन स्वतंत्र ब्राउझरनी जे अमलात आणले तेच ठेवायचे, अशी कसोटी होती. तिच्यावर ही फाँटची सोय टिकली नाही आणि ती या ग्रंथातून बाहेर गेली. सीएसएस 2.1 ला अंतिम मान्यता 2011 मध्ये मिळाली.

इंग्रजी वाचणाऱ्याला या कलमाचे काही वाटण्याचे कारण नव्हते. त्याच्या लिपीचे फाँट प्रत्येक संगणकावर होते. आपले काय होते ते आठवा. मराठी संकेतस्थळ उघडले की आधी त्यांचा फाँट उतरवून घ्या, मग वाचा. नाहीतर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडत नसे. उर्दूचे हाल तर विचारू नका. नस्तालिक लिपीत शब्द तिरका उतरत जातो, एकेका अक्षराची कितीतरी रूपे होतात. ती साध्या फाँटात बसेना म्हणून उर्दू अखबार पानेच्या पाने चित्र म्हणून टाकत. चित्रात शब्द शोधता येत नाही, ते मोठ्याने वाचून दाखवता येत नाही, त्यातले वाक्य उचलून मुलांना देता येत नाही. जी सोय जगाला जादा वाटत होती ती आपल्याला दाराच्या चौकटीइतकी गरजेची होती.

न्यायाने बोलायचे तर ज्यांनी ते कलम काढले त्यांनी ते फेकले नाही. फाँटसाठी वेगळा ग्रंथ करायला घेतला आणि सोय तिकडे हलवली. 2008 मध्ये सफारीने, 2009 मध्ये फायरफॉक्सने ती अमलात आणली आणि तो ग्रंथ 2018 साली मान्य झाला. आज फोनवर मराठी आणि नस्तालिक उर्दू एकाच पानावर सुबक दिसू शकते, ते या परत आलेल्या कलमामुळे. म्हणून मी म्हणते, की ‘हे कुणी वापरत नाही’ हा निकाल देण्यापूर्वी ‘कुणी’ म्हणजे कोण कोण, हे विचारले पाहिजे.

युनिकोडची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे कात्रीच चालत नाही. एकदा क्रमांक दिलेले अक्षर कधीही काढायचे नाही, हा त्यांचा पक्का वायदा आहे. त्यामुळे तिथे दुहेरी गोष्टी साचलेल्या दिसतात. मराठीचेच पाहा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिला शब्द फारसीतून, आमच्या उर्दूतून मराठीत आला, अर्थ समुद्र. दुसरा सह्याद्रीतल्या दरीचे अनेकवचन. दोघांत फरक एवढाच, की पहिल्यात रफार वर जातो आणि दुसऱ्यात ‘र’ आडवा होऊन बसतो. हा आडवा ‘र’ संगणकात लिहिण्याच्या दोन रीती युनिकोडमध्ये नोंदल्या आहेत. एक, खाली टिंब असलेले ‘ऱ’ वापरून. ही भारतीय मानक आयएससीआयआयला धरून आहे. दुसरी, साधा ‘र’, त्याला हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह. ही युनिकोडच्या 2.0 आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवली आहे.

एकाच कामासाठी दोन कलमे! साफसफाई करणाऱ्याचा हात शिवशिवणारच. पण दुसऱ्या रीतीने लिहिलेला मराठी मजकूर ढिगाने पडून आहे. मजकूर ‘स्वच्छ’ करणारे काही छोटे प्रोग्रॅम न दिसणारी चिन्हे कचरा समजून काढून टाकतात. ते जोडचिन्ह गेले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्री बुडून समुद्र होतो म्हणा ना! मराठीच्या प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगितलेला विनोद आहे, ‘आचाऱ्यांना’ जेवण करायला सांगायचे आणि ‘आचार्यांना’ भाषण. तो विनोद इथे खरा होतो. लग्नाच्या यादीतला स्वयंपाकी एका झटक्यात विद्वान होतो, आणि चूक कुणी केली ते सापडतही नाही, कारण काढलेली गोष्ट मुळात दिसतच नव्हती.

अरबी-उर्दूकडेही असेच आहे. युनिकोडमध्ये अरबी लिपीच्या तयार जोडरूपांचे दोन गट आहेत. जुन्या यंत्रणांशी मेळ राखण्यासाठी ते ठेवले आहेत, नव्या मजकुरात एरवी सुटी अक्षरे वापरावीत असे सांगितले जाते. पण त्यांतल्या एका गटात पैगंबरांच्या नावापुढे आपण जो दरूद लिहितो तो अख्खा एकाच अक्षराच्या जागेत बसवलेला आहे. मुसलमान माणूस फोनवर तो रोज वापरतो. त्याला तो ‘जुन्या यंत्रणेचा अवशेष’ आहे हे माहीतही नाही. संगणकाने मजकूर सरळ करायचा म्हणून हे जोडरूप फोडले तर एका अक्षराची, मोकळ्या जागा धरून, अठरा अक्षरे होतात. अर्थ तोच, पण शोधताना सापडत नाही आणि मोजताना जुळत नाही.

मग जुन्या गोष्टींचे करायचे काय? एचटीएमएलच्या ग्रंथाने याचे एक समंजस उत्तर दिले आहे. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांवर सरकत जाणारी सूचनापट्टी असायची, आठवते? ती ‘मार्की’. ती आता कालबाह्य यादीत आहे. नव्या पानात वापरू नका, असे लिहिणाऱ्याला बजावले आहे. पण ब्राउझरने ती कशी दाखवावी हे त्याच ग्रंथात अजून नीट लिहून ठेवले आहे, कारण जुनी पाने उघडली पाहिजेत. आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांतही हेच शहाणपण आहे. केशवसुतांपूर्वीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य छापताना मूळ लेखन तसेच ठेवावे, असा त्यांत नियम आहे. आमच्या नागोठण्यात अंबेवर जुना दगडी पूल आहे. चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी तो सोळाव्या शतकात बांधला, अशी कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे. मुंबई-गोवा महामार्गाची वाहने त्याच्यावर कुणी घालणार नाही, इतका तो अरुंद आहे. म्हणून तो पाडावा, असेही कुणी शहाणा म्हणणार नाही.

हे सगळे वाचून ठेवलेले एका प्रशिक्षणवर्गात कामी आले. शिक्षकांनी फोनवरचे धडे कसे तयार करावेत याची एक मार्गदर्शिका होती. लांबलचक, एकच सूचना तीन-तीनदा, वाचायचा कंटाळा येईल अशी. ती आटोपशीर करायचे काम काही शिक्षकांना दिले होते. त्यांनी ते चांगले केले. फाँटच्या सूचना एका जागी आणल्या, चित्रांविषयीची तीन कलमे एक केली. आणि ‘उर्दू मजकुराची दिशा’ हे अर्ध्या पानाचे कलम पूर्ण काढले.

मी विचारले तेव्हा एक तरुण सर म्हणाले, “मॅडम, वरच्या कलमात ‘भाषा नमूद करा’ असं आहेच. उर्दू म्हटलं की उजवीकडून डावीकडे आलंच. मग वेगळं कशाला?”

प्रश्न अगदी रास्त होता. माणसाला तसेच वाटणार. पण एचटीएमएलमध्ये भाषा सांगितल्याने दिशा ठरत नाही, आणि याला कारण आहे. एक भाषा दोन लिप्यांत लिहिली जाऊ शकते. दूर कशाला, उल्हासनगरची सिंधी घ्या. आपल्या देशात सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहितात आणि देवनागरीतही. भाषा एक, पण एक लिपी उजवीकडून चालते आणि दुसरी डावीकडून. म्हणून ‘लँग’ आणि ‘डिर’ या दोन खुणा वेगळ्या ठेवल्या आहेत. एकीत दुसरी आलीच असे धरता येत नाही. सीएसएसमध्येही दिशा ठरवायची सोय आहे, पण एचटीएमएलची पाने लिहिणाऱ्यांनी ती वापरू नये, ‘डिर’ वापरावे, असे सीएसएसचा ग्रंथच सांगतो. कारण सजावट बंद पडली तरी वाक्य सरळ राहिले पाहिजे. दिशा हा दागिना नाही, वाक्याचा कणा आहे.

बोलून समजेना तेव्हा मी फोन पुढे केला. माझ्या पाचवीच्या वर्गासाठी केलेल्या एका सरावाची दिशा काढून टाकलेली प्रत त्यात होती. उर्दू वाक्य, मध्ये एक मराठी शब्द, पुढे पुन्हा उर्दू. “मराठीत ‘पाऊस’ या शब्दाला उर्दूत काय म्हणतात?” अशा धर्तीचे. दिशा सांगितली नाही तर ब्राउझर पानाची दिशा डावीकडून उजवीकडे धरतो. उर्दूचा पहिला तुकडा डाव्या हाताला जातो, मराठी शब्द मध्ये, आणि दुसरा तुकडा उजव्या हाताला. प्रत्येक तुकडा आतून बरोबर असतो. पण उर्दू वाचणारे मूल उजवीकडून सुरुवात करते आणि वाक्याचा उत्तरार्ध आधी वाचते.

मोठ्या माणसाला हे लगेच कळते. तो मनात तुकडे जुळवतो. दहा वर्षांच्या मुलीचे काय होते ते मी पाहिले आहे. ती थांबते. पुन्हा उजवीकडून वाचते. पुन्हा थांबते. मग हळू आवाजात म्हणते, “मॅडम, मला वाचायला येत नाहीये.” पान चुकलेय असे ती म्हणत नाही. छापलेले चुकत नाही, आपण चुकतो, एवढे शाळेने तिला आधीच शिकवलेले असते. दोन दिशांच्या दोन लिप्या रोज सांभाळणारी, उर्दूच्या तासाला उजवीकडून आणि मराठीच्या तासाला डावीकडून न चुकता वाचणारी हुशार पोर, एका न लिहिलेल्या खुणेपायी स्वतःला ढ समजते. मी तिथे एवढेच सांगितले, की हे अर्धे पान त्या मुलीसाठी आहे.

सरांनी फोन हातात घेतला, त्यांना उर्दू येत नसल्याने मी बोट ठेवून तुकड्यांचा क्रम दाखवला. त्यांनी कलम परत घेतले. पण अर्धे पान नाही, तीन ओळी. उर्दू किंवा उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या कोणत्याही मजकुराची दिशा ‘डिर’ने सांगावी, भाषा सांगितली म्हणून दिशा गृहीत धरू नये, मराठी वाक्यात उर्दू शब्द किंवा उर्दू वाक्यात मराठी शब्द आला तर त्या शब्दाला स्वतःची खूण द्यावी. आधीच्या अर्ध्या पानापेक्षा या तीन ओळी कितीतरी चांगल्या आहेत हे मी मोकळेपणाने कबूल केले. आधीचे कुणी वाचत नव्हते, हे वाचतील.

तेव्हापासून कुठेही कलमे गाळायची वेळ आली, मग ती शाळेची नियमावली असो, वक्तृत्व स्पर्धेचे नियम असोत की मोहल्ल्याच्या कमिटीची घटना, मी तीन प्रश्न विचारते. हीच गोष्ट दुसरीकडे लिहिलेली आहे का, की तसे नुसते वाटते? हे कलम नसेल तर कुणाचे अडेल, आणि तो माणूस या खोलीत आहे का? आणि जे या कलमाप्रमाणे आधीच लिहून झाले आहे त्याचे काय? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले की मी स्वतःच कात्री पुढे करते. बोलायला न येणारे अनुस्वार परत आणा असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागतो, कारण ज्याचे अडते तो बहुधा खोलीत नसतो. आमच्या बाबतीत तो पाचवीच्या वर्गात बाकावर बसलेला होता.

हे वाचणाऱ्यांत उर्दू शाळांचे शिक्षक असतील, तर एक करून पाहा. आपल्या शाळेने पाठवलेला एखादा दुभाषी धडा फोनवर उघडा आणि जिथे उर्दू वाक्यात मराठी शब्द आला आहे ते वाक्य उजवीकडून मोठ्याने वाचा. नीट वाचता आले तर उत्तम. नाही आले, तर मुलांना ओरडण्याआधी धडा तयार करणाऱ्याला त्या तीन ओळी पाठवा.